ऑर्गनची हवा आणि सत्काराच्या शाली

तुमच्यापैकी काहीजणांनी मागे एकदा दिवाळीनंतर पुण्याहून परत येताना माझ्यासाठी बॅगेत शाली आणल्या होत्या. नव्या नव्हेत, जुन्याच. डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या. "मेधाकाकू, एवढ्या शालींचं करणार काय? दुकान टाकताय का?" असं प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येकाला मी "सांगेन नंतर" म्हणून वाटेला लावलं. उंटरश्लाइसहाइमच्या निखिलला तर विमानतळावर कस्टमवाल्यांनी बाजूला घेऊन बॅग उघडायला लावली. बिचाऱ्यानं खरं ते सांगितलं, की या शाली चर्चमध्ये गाणाऱ्या आजीबाईंसाठी आहेत. का आहेत, ते त्यालाही माहीत नव्हतं. आता मी निवृत्त झाले आहे, आणि "कामाचे अनुभव लिहा" म्हणून मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी पिच्छा पुरवला आहे. तेव्हा ते राहिलेलं उत्तर देऊन टाकते.

मी मेकॅनिकल इंजिनियर. लग्न होऊन जर्मनीत ब्योब्लिंगेनला आले, आधी काही वर्षं मोटारींच्या एसीवर काम केलं, आणि मग जुन्या इमारतींची हवा सांभाळणाऱ्या एका छोट्या ऑफिसात शिरले ती शेवटपर्यंत तिथंच राहिले. जुन्या इमारती म्हणजे बहुतेक चर्च. माझ्या आईला मी नेमकं काय करते हे कधीच कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "आमची मेधा तिकडं देवळांचे पंखे दुरुस्त करते." फार चुकीचंही नव्हतं ते.

काम असं. जुन्या लूथरपंथी चर्चमध्ये दोघं नांदतात. एक माणसं आणि दुसरा ऑर्गन. ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचा आजोबा समजा, फक्त एखाद्या दुमजली घराएवढा. कथील-शिशाच्या आणि लाकडाच्या शेकडो नळ्या, आणि त्यांच्याखाली भात्यातून वारा भरलेली एक भलीमोठी लाकडी पेटी. पट्टी दाबली की नेमक्या नळीखालचं दार उघडतं आणि वारा तेवढ्याच नळीत जातो. ही पेटी दोन-तीनशे वर्षांची असते आणि तिचे नखरे नव्या नवरीपेक्षा जास्त. हवा फार ओली झाली की बुरशी धरते. फार कोरडी झाली की लाकूड आकसतं, भेग पडते आणि वारा नको त्या नळीत शिरतो. मग कुणीही पट्टी दाबलेली नसताना एखादा सूर वाजू लागतो आणि काही केल्या थांबत नाही. जर्मनमध्ये त्याला 'हॉयलर' म्हणतात, म्हणजे भोकाड पसरणारा.

हिवाळ्यात हवा कोरडी का होते, हे मला आयुष्यभर समजावून सांगावं लागलं. बाहेरची हवा गार असते आणि गार हवेत पाणी थोडंच मावतं. तीच हवा आत तापवली की तिला तहान लागते. मग ती दिसेल तिथून पाणी पिते, ऑर्गनच्या लाकडातून, रंगवलेल्या मूर्तींमधून, गाणाऱ्यांच्या घशातून. म्हणून ऑर्गनला चर्च गार आणि एकसारखं हवं असतं, आणि माणसांना ऊबदार हवं असतं. दोघांचं भांडण हाताबाहेर गेलं की मला बोलवायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असायची. एका नवरीच्या वडिलांनी फेब्रुवारीतल्या लग्नासाठी चर्च बावीस अंशांवर ठेवायला लावलं, कारण मुलीच्या झग्याला बाह्या नव्हत्या. लग्न थाटात लागलं. पुढच्या रविवारी ऑर्गनच्या अर्ध्या पट्ट्या खाली जाऊन वर यायला तयार होईनात. दुसऱ्या एका गावच्या पास्टरांनी गॅस महागला तेव्हा हीटिंगबरोबर खिडक्याही कायमच्या बंद केल्या. वसंतात मी ऑर्गनच्या आत टॉर्च मारला, तर नळ्यांवर दह्यासारखी पांढरी साय. पास्टर म्हणाले, "पण आम्ही तर काहीच केलं नाही!" मी म्हटलं, "गेनाऊ, अगदी बरोबर. तेच तर झालंय."

मुळात माझ्या पायाला भिंगरी. कुठल्याही खोलीत शिरले की मला आधी तिथली हवा दिसते, मग माणसं. कुणाच्या घरी जेवायला गेले तरी खिडकीच्या काचेवरचा ओलावा बघून येते. चर्चमध्ये मी तासन्‌तास घालवले, पण बाकावर बसून एक अख्खं गाणं ऐकलं असं झालं नाही. गाणं सुरू झालं की मी शिडीवर, नाहीतर तळघरात, नाहीतर खांबाआड मोबाइलमध्ये डोकं घालून उभी. आम्ही चर्चमध्ये काडेपेटीएवढे पांढरे डबे लावायचो. ते दर थोड्या वेळानं तापमान आणि हवेतला ओलावा मोजून माझ्या मोबाइलवर पाठवायचे. दोन रेघा, लाल तापमानाची, निळी ओलाव्याची. भाजी चिरताना, डेंटिस्टकडे, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये, मी त्या रेघा बघत बसायची. नवरा म्हणायचा, "लोकांना शेअर बाजाराचं व्यसन असतं, तुला ओलाव्याचं."

त्या निळ्या रेघेबद्दल एक गोष्ट इथंच सांगून ठेवते, पुढं लागेल. माणसाच्या श्वासात पाणी असतं. त्यामुळे चर्चमध्ये माणसं जमली की निळी रेघ वर चढते. थोडी माणसं, लहान उंचवटा. नाताळची गर्दी, मोठा. प्रवचन चालू असताना रेघ जवळजवळ सपाट चालते आणि गाणं सुरू झालं की पुन्हा चढते, कारण गाणारा माणूस पोटातून श्वास सोडतो. एका पास्टरांना मी हे चेष्टेनं ऐकवलं, तर ते माझ्याशी बोलेनासे झाले. पण खरं आहे ते. ज्या चर्चमध्ये माणसं जमतात आणि गातात, तिथला ऑर्गन तब्येतीनं बरा असतो. माणसं यायची थांबली की लाकूड कोरडं पडायला लागतं.

आता शालींचं. थुरिंगियात एक छोटं गाव आहे, नाव सांगत नाही. तिथल्या चर्चची गायनमंडळी शेकडो वर्षांत बंद पडलेली नाही, लढाया झाल्या, राजवटी बदलल्या तरी. लूथरपंथीयांत गाणं पुजाऱ्यापुरतं नसतं, ते सगळ्या लोकांचं असतं. त्यांच्या मूळ पुरुषानंच तसं सांगून ठेवलंय. गंमत म्हणजे ही मंडळी प्रार्थनेला उभी राहतात आणि गायला बसतात. गार बाकावर, गार फरशीवर पाय टेकून, तासभर.

आदल्या हिवाळ्यात तिथं आक्रीत घडलं होतं. गाणारी मंडळी सगळी सत्तरीपुढची, त्यांना बाधू नये म्हणून हीटिंग सढळ हातानं चालवलं जायचं. एका रविवारी ऐन प्रार्थनेत, सगळे मान खाली घालून उभे असताना, ऑर्गनमधून एक उंच सूर निघाला आणि निघतच राहिला. ऑर्गन वाजवणारी कांटोरिन, म्हणजे चर्चची संगीतप्रमुख, धावत आत शिरली, दोन नळ्या उपसून काढल्या, तर तिसरी रडायला लागली. शेवटी तिनं भात्याची मोटरच बंद केली. ऑर्गन दुरुस्त करणारे म्हणाले, आम्ही भेगा बुजवू, पण इतकं तापवणार असाल तर पुन्हा आम्हाला बोलावू नका.

मग गावच्या चर्चसमितीनं सरळ मार्ग काढला. 'विंटरकिर्शं'. म्हणजे हिवाळाभर मोठं चर्च कुलूपबंद, आणि उपासना शेजारच्या छोट्या, गरम सभागृहात, इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर. जर्मनीत खूप गावं असं करतात आणि हिशेबानं ते शहाणपणाचंच आहे. पण कांटोरिननं हट्ट धरला की एकदा कुणाला तरी विचारा. म्हणून सप्टेंबरात मी तिथं जाऊन पाहणी केली आणि सुचवलं की चर्च दहा अंशांवर ठेवा, एकसारखं, आणि हवेऐवजी माणसांना ऊब द्या. समितीनं अट घातली. नोव्हेंबरभर गाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा दहा अंशांत तालमी करून दाखवायच्या. मंडळी टिकली तर नाताळची संध्याकाळ मोठ्या चर्चमध्ये, ऑर्गनसह. नाही टिकली तर ईस्टरपर्यंत कुलूप.

त्या वर्षी माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. घरात एकट्या बसून कंटाळायच्या. नातीला मराठी सगळं समजायचं पण ती उत्तर जर्मनमध्ये द्यायची, त्यावर त्या वैतागायच्या. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या तालमीला जाताना मी त्यांना गाडीत घालून थुरिंगियाला नेलं.

मी डबे, वायरी काढेपर्यंत त्या पुढं गेल्या. मागून जाऊन बघते, तर त्यांचे बूट दाराबाहेर नीट जोडीनं ठेवलेले आणि त्या पातळ मोज्यांवर दगडी फरशीवरून वेदीकडं चाललेल्या. देवाच्या दारात पायताण काढायचं, त्यात विचार करण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही. हेर क्राउझे, म्हणजे तिथले चर्चचे राखणदार, हातातला किल्ल्यांचा जुडगा तसाच टाकून धावले. "उम गॉटेस विलन! बाई, मराल!"

"काय म्हणतायत गं हे?" सासूबाई जागेवर थबकल्या. "काही चुकलं का माझं?"

"काही नाही हो आई, फरशी गार आहे म्हणतायत."

"गार कसली, बर्फ आहे. पण आता निम्म्यात आल्यावर परत कशी फिरू?"

तेवढ्यात गाणाऱ्यांच्या बाकावरून एक उंच, किडकिडीत आजीबाई उठल्या. आपलं बसायचं मेंढीच्या कातड्याचं आसन त्यांनी उचललं, सासूबाईंना हाताला धरून बाकावर बसवलं आणि ते आसन त्यांच्या पायाखाली सारलं. या फ्राउ हेडविग सायफर्ट. वय एक्याऐंशी, आवाज खालच्या पट्टीतला, स्वभाव वरच्या. बाकावरची कोपऱ्याची जागा त्यांची आणि ती दुसऱ्या कुणी घ्यायची नाही.

मी त्यांना विचारलं, "फ्राउ सायफर्ट, तुम्हाला थंडी जास्त कुठं वाजते?"

"पायांत," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक येता आणि वरती हवेत यंत्रं धरता. मी गाते वरती, पण गारठते खालती."

फरशी माझ्या कामांत होतीच, पण बरीच मागं. ती सगळ्यात वर आली. त्याच आठवड्यात सुतारानं बाकांखाली लाकडी फळ्या टाकल्या आणि मी बसायच्या जागी विजेच्या पातळ गाद्या लावून घेतल्या. उरलेल्या अंगाला ऊब हवी म्हणून समितीनं छान राखाडी ब्लँकेटं आणून दाराशी खुर्चीवर रचून ठेवली. माझ्या हिशेबात काम संपलं होतं.

ब्लँकेटांना कुणी हात लावला नाही. दुसऱ्या तालमीला दोघी आल्या नाहीत, तिसरीला चौघं. आलेले कोटात हात खुपसून कुडकुडत गात होते आणि ब्लँकेटांचा ढीग होता तसा होता. मी हेर क्राउझेंना विचारलं तर ते म्हणाले, "आल्झो, असं बघा मॅडम, मांडीवर ब्लँकेट घेऊन बसतात ती माणसं वृद्धाश्रमात. इथं ती गायला येतात." मला इतका राग आला. फळ्या, गाद्या, डबे, सगळं जागच्या जागी, आणि केवळ मानापायी गाडं अडलेलं! मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. रेघा सुरेख सपाट होत्या आणि माणसं गळत होती.

तिसऱ्या तालमीनंतर फ्राउ सायफर्टनी आम्हाला घरी कॉफीला नेलं. सासूबाई आणि त्या समोरासमोर बसल्या आणि मी मध्ये दुभाषी. सासूबाईंनी विचारलं, की तुम्ही किती वर्षं गाता?

"शाळेत होते तेव्हापासून. मी वर्गात पहिली यायची. तेव्हा इथं पूर्व जर्मनीचं कम्युनिस्ट सरकार होतं. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, चर्चमधलं गाणं सोड, तर पुढं शिकायला मिळेल. मी नाही सोडलं." त्यांनी सासूबाईंपुढं केकचा तुकडा सरकवला. "मग गिरणीत लागले, मोजे विणायच्या. बाकी सगळं आयुष्य मोजे. मला डॉक्टर व्हायचं होतं."

मी भाषांतर केलं.

"आता समिती म्हणते, ईस्टरपर्यंत थांबा. सभागृहात या, तिथं ऊब आहे. तिथल्या त्या कीबोर्डला थंडी वाजत नाही, घामही येत नाही. त्याच्याबरोबर मी काय गाऊ? आणि ईस्टरपर्यंत थांबायचं, तर माझ्या हृदयानं तोवर चालायला नको का?" मग त्या माझ्याकडं वळल्या. "मला हा एक नाताळ त्या बाकावर पाहिजे, ऑर्गनबरोबर. पुढचं मी मागत नाही. आणि तुम्ही जरा बसा हो एका जागी. तुम्हाला बघून मला धाप लागते."

परतीच्या वाटेवर सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "मेधा, हिनं गाण्यापायी शिक्षण सोडलं. हिचा कधी कुणी सत्कार केला का गं?"

"इथं तशी पद्धत नाही आई. उपासनेत तर टाळ्यासुद्धा वाजवत नाहीत."

"म्हणजे कुणीच केला नाही," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ते मुख्याध्यापक होते, वक्ते होते, निवृत्तीनंतर जिथं बोलावतील तिथं अध्यक्ष होते. आपल्याकडं अशा माणसाला प्रत्येक ठिकाणी शाल आणि नारळ मिळतो. नारळ खोवून संपतो, शाल उरते. ते गेले तेव्हा घरात दोन कपाटं भरून शाली होत्या. सासूबाई कायम कुरकुरायच्या, "एवढ्या शालींपेक्षा एखाद्यानं गॅसची शेगडी दिली असती, तर नाव काढलं असतं." त्यातलीच खऱ्या लोकरीची एक, दाट विणीची, बदामी रंगाची, त्या जर्मनीला येताना पांघरून आल्या होत्या.

चौथ्या तालमीला मंडळी आणखी रोडावली होती. समितीचे अध्यक्ष मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेले, आणि त्यांचा चेहराच निकाल सांगत होता. गाणं संपलं. लोक कोटाची बटणं लावायला लागले. तेवढ्यात सासूबाई उठल्या, यावेळी बुटांसकट, आणि सरळ गाणाऱ्यांच्या बाकांपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"मेधा, इकडं ये. मी बोलते ते सांग यांना."

मी शिडीवर होते. "आई, अहो आत्ता नको, त्यांना घरी जायचंय."

"दोन मिनिटं थांबतील. नीट सांग, गाळू नकोस काही." आणि त्यांनी चक्क घसा खाकरला. चाळीस वर्षं त्यांनी व्यासपीठाखाली बसून सत्कार ऐकले होते. "आमच्याकडं जो गातो त्याचा मान करायची रीत आहे. या बाईंनी लहानपणापासून या जागी सेवा केली. त्यासाठी स्वतःचं नुकसान करून घेतलं, पण जागा सोडली नाही. यांचा सत्कार राहून गेला होता. तो मी, माझ्या यजमानांच्या वतीनं, आज करते."

मी शिडीवरूनच शब्दन्‌शब्द जर्मनमध्ये सांगितला. माझा आवाज मलाच परका वाटत होता. सासूबाईंनी आपल्या अंगावरची शाल काढली, नीट उलगडली आणि फ्राउ सायफर्टच्या खांद्यांवर घातली. नारळ नव्हता, म्हणून पर्समधलं सफरचंद त्यांच्या हातात ठेवलं आणि नमस्कार केला.

फ्राउ सायफर्ट हातात सफरचंद धरून उभ्या होत्या. मग त्यांनी मान वळवून, मागच्या बाकावरच्या अध्यक्षांना दिसेल अशी, शाल छातीवर ओढून घेतली आणि खाली बसल्या. कुणीतरी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. हेर क्राउझे खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत रुमाल शोधत होते, त्यांना नाक पुसायचं होतं.

पुढच्या तालमीला फ्राउ सायफर्ट ती शाल पांघरून ताठ बसल्या आणि तासभर एकदाही कुडकुडल्या नाहीत. तालीम संपल्यावर वरच्या पट्टीतल्या दोन आजीबाईंनी मला खांबाआड गाठलं. त्यांचं म्हणणं असं, की आम्हीही तितकीच वर्षं गातोय, फ्राउ सायफर्टचं कौतुक आहेच, पण हा मान फक्त खालच्या आवाजाला असतो का? मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या हसून हसून लाल झाल्या आणि लगेच पुण्याला त्यांच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. "कपाट उघड. लोकरीच्या तेवढ्या बाजूला काढ. आर्ट सिल्कच्या नकोत, त्यांनी नुसता मान मिळतो, ऊब नाही."

आमच्या कपाटातल्या पुरेनात. मग कोथरूडमधल्या ओळखीच्या घरोघरी फोन गेले. कुणाचे वडील कवी होते, कुणाचे सासरे कुलगुरू, कुणाच्या काकू कीर्तनकार. प्रत्येक घरात शालींनी भरलेलं एक कपाट होतंच आणि प्रत्येक घर ते रिकामं करायला टपलेलं होतं. तिथून त्या तुमच्या बॅगांतून आल्या. निखिल, तुझ्या बॅगेतली हिरव्या काठाची हेर क्राउझेंना गेली. गात नसूनही त्यांनी मागून घेतली.

सासूबाईंनी एकेकाला उभं करून रीतसर सत्कार केला. प्रत्येकाबद्दल त्या दोन वाक्यं बोलायच्या आणि त्यासाठी आधी कांटोरिनकडून माहिती काढायच्या. घरी बसलेले सगळे परत आले, शिवाय गाणं सोडून दिलेले दोघं. राखाडी ब्लँकेटं तशीच खुर्चीवर राहिली. अध्यक्षांनी महिन्याच्या शेवटी मला एवढंच म्हटलं, "ठीक आहे. नाताळ इथं."

नाताळच्या संध्याकाळी चर्च खचाखच भरलं होतं आणि मी ऑर्गनच्या मागच्या फळीवर उभी होते, मोबाइल हातात. इतकी माणसं, इतका श्वास, बाहेर कडाका. निळी रेघ झपाट्यानं चढत होती. बुजवलेल्या भेगा धरतील का? कांटोरिन माझ्याकडं न बघता म्हणाली, "आज तो रडला, तर मी पण रडेन." खाली गाणारी मंडळी बसली होती, मरून, पिवळ्या, जांभळ्या शालींत, आणि कोपऱ्यात बदामी शालीत फ्राउ सायफर्ट. त्यांच्या शेजारी, पायाखाली मेंढीचं आसन घेऊन, माझ्या सासूबाई.

गाणी एकामागून एक झाली. शेवटच्या गाण्याला अख्खं गाव गायला लागलं, ऑर्गन पूर्ण उघडलेला, फळी माझ्या पायाखाली थरथरत होती. मी गाणं ऐकत नव्हते, मी फक्त त्याच्या शेवटाची वाट बघत होते. शेवटचा स्वर आला. कांटोरिननं हात उचलले. मी श्वास रोखला, आणि मला वाटतं गावानंही रोखला, कारण आदल्या वर्षीचा तो सूर सगळ्यांच्या कानांत होता.

काही नाही. चर्चमध्ये फक्त माणसं बसलेली होती, त्याचा तो हलका आवाज. फ्राउ सायफर्टनी वर बघितलं, मला शोधलं आणि तळहातानं खूण केली, खाली बसा म्हणून. मी मान हलवली आणि भात्याची मोटर बघायला पळाले.

चर्चला पुन्हा कुलूप लागलं नाही. दर हिवाळ्यात दहा अंश, फळ्या, गाद्या, शाली. फ्राउ सायफर्टनी एकच नाताळ मागितला होता, त्यांना आणखीही मिळाले. सासूबाई पुण्याला परत गेल्या. दर नाताळला त्या मला फोनवर "हेडविगबाई गायल्या का?" विचारायच्या आणि मी "गायल्या" सांगायची.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी निवृत्त झाले. निवृत्त माणसानं काय करायचं असतं मला माहीत नाही. मी घरातल्या घरात खिडक्या उघडते, बंद करते. ऑफिसातल्या कुणाच्या ध्यानात आलं नसावं, त्या चर्चच्या रेघा माझ्या मोबाइलवर येतच राहिल्या. मीही बोलले नाही. रोज सकाळी चहाबरोबर मी त्या बघते. नाताळला बघितलं, उंचवटा छान होता. पण कांटोरिननं शुभेच्छांच्या फोनवर सांगितलं, की फ्राउ सायफर्ट या वेळी आल्या नाहीत, त्या हॉस्पिटलात आहेत.

फेब्रुवारीत एका गुरुवारी दुपारी मी कपड्यांना इस्त्री करत होते. सवयीनं मोबाइल उघडला आणि इस्त्री बाजूला ठेवली. निळी रेघ चढत होती. गुरुवारी दुपारी तिथं काहीच नसतं. उपासना नाही, तालीम नाही. रेघ चढतच होती, नाताळइतकी वर. लाल रेघ मात्र जागची हलली नव्हती. एवढं गाव जमलं होतं आणि हीटिंगला कुणी हात लावला नव्हता.

काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी खुर्ची ओढली आणि बसले. एरवी प्रवचनाला रेघ सपाट होते. त्या दिवशी ती मध्ये कुठंच सपाट झाली नाही. मी इस्त्रीच्या वासात, न उठता, मोबाइल दोन्ही हातांत धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून राहिले. रेघ खाली यायला लागल्यावर हेर क्राउझेंचा मेसेज आला, फ्राउ सायफर्टना आज निरोप दिला, बदामी शाल त्यांच्याबरोबर गेली.

मी पुण्याला फोन लावला. सासूबाईंना आताशा कमी ऐकू येतं, मला दोनदा सांगावं लागलं.

"गायले का गं तिच्यासाठी सगळे?" त्यांनी विचारलं.

"हो आई. थांबलेच नाहीत."

"तू होतीस तिथं?"

"होते," मी म्हटलं. "बसले होते."